गॅसवरचा ऑटो आणि ताराबाईचे कांदे

१२ नोव्हेंबर

आज पुन्हा ऑटो सुरू होईना. माझ्या सुनेने, मीनलने, खालचं हँडल ओढ ओढ ओढलं, पोरीच्या तळहाताला घट्टे पडले. शेवटी सुरू झाला तेव्हा असा काळा धूर सोडला की अंगणातली कोंबडी परत खुराड्यात गेली. बोथच्या बाजाराला निघालेल्या बायका टोपल्या खाली ठेवून नाकाला पदर लावून उभ्या होत्या. थंडी सुरू झाली की या गाडीचं आणि म्हाताऱ्या माणसाचं सारखंच होतं, उठायलाच वेळ लागतो.

सून ऑटो चालवते हे गावाला पचायला वर्ष गेलं. आधी चंदन, माझा मुलगा, चालवायचा. त्याच्या पाठीने दगा दिला आणि डॉक्टरने बंद करवलं. तो बोथला भाजीच्या दुकानात बसू लागला. मीनल म्हणाली, मी चालवते. परवाना काढला, पडत-झडत शिकली. आता गावातल्या साऱ्या भाजीवाल्या तिच्याच गाडीत बाजार करतात. पण जे हाती येतं ते पेट्रोल गिळून टाकतं.

जेवताना चंदन म्हणाला, "संक्रांतीपर्यंत पाहू. नाई जमलं तं इकून टाकू. तू दुकानात बसजो."

मीनल भाकरी थापत होती. तिचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला, पण आधीच्या तालात नाही. भाकरीच्या आवाजावरून मला सुनेचं मन कळतं. ऑटो गेला तर तिचं काय जाईल ते चंदनला कसं सांगावं, हे मलाही सुचलं नाही.

१७ नोव्हेंबर

मीनलने नवीनच काढलं. ऑटो गॅसवर करायचा म्हणते. हायवेवर, आदिलाबादच्या अलीकडे, गाड्यांच्या गॅसचा पंप आहे. पेट्रोलपेक्षा स्वस्त, धूर नाही, इंजिन जास्त टिकतं, असं तिला एका ऑटोवाल्याने सांगितलं.

तलमडुगूचे अमृतराव आले होते. जुन्या गाड्या घेणं-विकणं हा त्यांचा धंदा, आमच्या ऑटोवर त्यांचा डोळा कधीचाच आहे. चहाची बशी ओठाला लावत म्हणाले, "एवढा खटाटोप काऊन करता? घरचा लाल सिलिंडर मागं टाका, नळी लावा, चालू. कोण पाहते?"

"काका, तसं कराले परवानगी नाई," मीनल म्हणाली. "आन् माह्या मागं बायका बसतात."

अमृतराव हसले. "मंग मले इकून टाका."

मला भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण घरात शेगडी आली तेव्हाही मी कितीतरी दिवस लांबूनच काडी लावायची. त्याआधी चुलीजवळ जन्म गेला, डोळे धुराने लाल व्हायचे आणि लोकांना वाटायचं सासू छळते. आता पुन्हा फुंकणी हातात दिली तर घेणार नाही. मग जे घराला चाललं ते गाडीला का चालू नये? मी मीनलला म्हटलं, कर.

२५ नोव्हेंबर

आदिलाबादला गेलो. गॅस बसवणारा संघपाल नावाचा माणूस आहे, चाळिशीचा, सरकारची मंजुरी असलेलं दुकान. त्याने मागे जाड लोखंडाची टाकी बसवली, तिथून इंजिनापर्यंत नळी नेली. पेट्रोलची टाकीही ठेवली आहे, गॅस संपला तर बटण फिरवायचं. गाडीच्या कागदावर चढवून घेतल्याशिवाय चालवू नका म्हणाला, तेही करून आलो.

मी विचारलं, थंडीत सुरू होईल का. तर म्हणाला, "मावशी, या गॅसात दोन भाऊ रायतात. एक ब्युटेन, एक प्रोपेन. ब्युटेन थंडीत गोधडी घेऊन निजते. प्रोपेन कितीबी थंडी असो, हाक मारली का उठते."

"आमच्या घरी बी तसेच होते," मी म्हटलं. "मालकाचे थोरले भाऊ आन् आमचे मालक."

त्याने वाईट बाजूही लपवली नाही. एका लिटरात पेट्रोलइतकं अंतर जाणार नाही, चढावर जोर जरा कमी पडेल, पंप लांब आहे. "पण लिटरचा भावच कमी हाये, म्हणून तरीबी परवडते. आन् पाइप टाकून कोणी चोरणार नाई." हे मला फार आवडलं. मागच्या उन्हाळ्यात कोणीतरी आमचं पेट्रोल तोंडाने ओढून नेलं होतं. आता ओढ म्हणावं.

निघताना त्याने मीनलला टाकीचा कॉक दाखवला, नळीचे जोड दाखवले, ऑटोत विडी-काडी बंद म्हणाला. मी तेव्हा बाहेर ऊस पाहत होते, चार कांड्या घेतल्या.

२९ नोव्हेंबर

पहिला बाजार गॅसवर झाला. एकदा ओढलं आणि सुरू. धूर नाही. कोंबडी जागची हलली नाही.

आवाजही कमी झाला आहे. आधी मागे बसून बायका काय बोलायच्या ते मीनलला ऐकू यायचं नाही. आज भाजीवाल्या रुपाने सवयीने चंदनच्या दुकानाबद्दल काहीतरी काढलं, तिचा माल घेताना तो तराजू कसा धरतो वगैरे. मीनल समोरूनच म्हणाली, "रुपाताई, तराजू बरोबर हाये, तुमचे वांगेच पोचट होते." सगळ्या अशा हसल्या की ताराबाईची लसणाची जुडी खाली पडली.

मी आज एक हुशारी केली. टाकीने मागची जागा खाल्ली, म्हणून भाजीची पोती सारखी घसरत होती. टाकीजवळून एक मजबूत नळी जाते, ती आकड्यासारखी वळलेली आहे. पोत्यांची दोरी मी तिला आवळून बांधली. मग बोथपर्यंत एक पोतं हललं नाही. मीनलला सांगितलं नाही, तिला समोर किती गोष्टी बघायच्या असतात. म्हाताऱ्या माणसानेही थोडं डोकं चालवावं.

९ डिसेंबर

काय थंडी पडली आहे. बाजारहत्नूरच्या बाजूने वारा येतो तो हाडात शिरतो. पण ऑटो एका हाकेत उठतो. प्रोपेन कामाचा भाऊ आहे.

गॅस बसवताना बदललेलं इंजिनचं ऑइल संघपालने तपासलं, अजून मधासारखं आहे. पेट्रोलवर या वेळेपर्यंत काजळासारखं व्हायचं. मीनलच्या चेहऱ्यावरही तकाकी आली आहे.

चंदनचं मात्र कळत नाही. गाडी निघाली की फोन, हायवेला लागली की फोन, बोथला पोचली की फोन. सकाळी ऑटोच्या मागे जाऊन वाकून बघत असतो. इतका संशय बरा नाही. बायको कमावते ते पुरुषाला खुपतं, दुसरं काय. मी त्याच्यावर मनात राग धरला आहे.

१४ डिसेंबर

आज गाडीत वाद झाला. आठवड्यापासून बायका म्हणत होत्या, काहीतरी सडल्याचा वास येतो. माझं नाक करोना झाल्यापासून अर्धंच चालतं, मला काही येत नव्हतं. रुपा म्हणाली, "सडक्या कांद्याचा वास हाये." कांद्याचं पोतं एकट्या ताराबाईचं.

मी भाजीत जन्म काढला आहे. कांदा आतून सडतो आणि वरून सोन्यासारखा दिसतो हे मला माहीत आहे. मी म्हटलं, "ताराबाई, पोत्याच्या बुडाशी पाय एकदा. एक सडका शंभराले सडवते."

"माह्या कांद्यात सडका नाई."

"मंग वास काय आभाळातून येऊन राह्यला?"

"सोजराबाई, तुमच्या नाकाले वास येत नाई आन् तुमी माह्या कांद्याले नाव ठेवता."

मग मीही बोलले. नको तितकं बोलले. बोथला उतरल्यावर तिने भर बाजारात पोतं उलटं केलं आणि एकेक कांदा दाखवत बसली. मी बघायला गेले नाही, मेथीच्या जुड्या बांधत होते.

पण गाडीतला वास जावा म्हणून पुढच्या खेपेला मागे सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या आणि ओला लसूण रचायचं ठरवलं. चांगला वास वाईट वासाला झाकतो.

१८ डिसेंबर

सांबाराचा उपाय लागू पडला. वास बराच कमी आहे म्हणतात.

ताराबाई माझ्याशी बोलत नाही. पाण्याच्या नळावर तिने माझ्या आधी घागर भरली आणि रिकाम्या जागेशी बोलली, "काई लोकांच्या तोंडालेच सडका वास येते."

२१ डिसेंबर

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी ताराबाई आली ती फक्त लवकी, म्हणजे दुधी, घेऊन. कांद्याचं एक टरफल नाही. टोपली माझ्यासमोर आपटली आणि मागे बसली. मीही मागेच बसले. गाव सोडून नाल्यापुढे आलो तशी ती मोठ्याने म्हणाली, "आज मी कांदा आणलाच नाई. आज वास कुठून येऊन राह्यला, सांगा."

रुपाने नाक ओढलं आणि म्हणाली, व्हय वो, येते आहे.

मीनलने मान वळवली. "कसा वास? मले नीट सांगा." तिच्याकडे समोरचा वारा, तिला कधी वास आलाच नव्हता. आम्हीही कांद्याच्या भांडणात तिला कधी विचारलं नाही.

"शेगडी अर्धी बंद राह्यली का येते तसाच," ताराबाई म्हणाली, आणि बोलता बोलता तिचं तोंड उघडंच राहिलं.

मीनलने मोकळ्या माळावर गाडी घेतली, इंजिन बंद केलं. "उतरा. टोपल्या राहू द्या. तिकडं, वाऱ्याच्या बाजूनं." रुपाच्या आजेसासूचा हात सवयीने कनवटीला गेला, विडी काढली, काडेपेटी काढली. मीनलने झेप घेतली आणि ती काडेपेटी हिसकून दूर फेकून दिली. म्हातारीला ती कधी इतक्या जोरात बोलली नव्हती. मग स्वतः मागे गेली, टाकीचा कॉक बंद केला आणि आमच्यात येऊन उभी राहिली. तोपर्यंत तिला काही झालं नव्हतं. मग ती मातीतच खाली बसली. ताराबाईने तिला धरलं.

भाजी एका ट्रॅक्टरवर चढवून बोथला पाठवली.

चंदन कोणाच्या तरी मोटरसायकलवर बसून आला. पाठीला हात लावत उतरला, ऑटोकडे बघितलंही नाही. मीनलचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले, चेहरा पाहिला, आणि मग माझ्यावर ओरडला, "माय, तू तरी होतीस ना मागं." कधी ओरडत नाही तो माझ्यावर. मी काय करणार होते?

२२ डिसेंबर

संघपाल आला. साबणाचं पाणी करून नळीच्या जोडांना फासलं. एका जोडाला बुडबुडे आले, अगदी बारीक, मोहरीएवढे. तो म्हणाला, या गॅसाला आपला वास नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम हा सडका वास घालतात. "आन् हा गॅस हवेपेक्षा जड. वर उडून जात नाई, पाण्यासारखा खाली बसते. तुमचा ऑटो उघडा होता, वारा होता, म्हणून वाचले."

म्हणजे तो वास ओरडून सांगत होता आणि मी त्याच्या तोंडावर सांबार ठेवला.

मग त्याने नळी पाहिली. वाकली होती, वर दोरीचा चट्टा. "इथं दोरी कोणं बांधली?"

मीनल, चंदन, ताराबाई, रुपा, अर्धं गाव उभं होतं. मीनल म्हणाली, "कोणं नाई, रस्त्यानं हिसके बसतात..." ती मला वाचवत होती. तिला कॉक बंद करतानाच कळलं होतं. माझ्या गाठी ती ओळखते.

"मी बांधली," मी म्हटलं.

संघपाल रागावला नाही. नळी बदलली, जोड आवळले, पुन्हा फेस लावून दाखवला, एक बुडबुडा नाही. पोत्यांसाठी दुसऱ्या बाजूला लोखंडी कडी जोडून दिली. "मावशी, चूक माही बी हाये. बायका पोते बांधतील हे मले सुचाले पायजे होतं."

भला माणूस. पण गाव काही फेस बघायला थांबलं नाही.

२८ डिसेंबर

ऑटो रिकामा जातो. बायका जीपमध्ये कोंबून जातात. पोरं म्हणतात, सोजराबाईचा बॉम्ब निघाला. मीनल रोज सकाळी गाडी पुसते, फेस लावून जोड बघते, हॉर्न वाजवते, वाट पाहते आणि एकटी आमची मेथी घेऊन निघते.

आज चंदनने अमृतरावांना फोन केला, दहा जानेवारीला या म्हणाला. मी म्हटलं, "तू संक्रांतीचं बोलला होता ना?"

तो म्हणाला, "माय, जाऊ दे गाडी. दुकानात बसतो आन् माहे कान रस्त्याकडं रायतात. एका गिऱ्हाइकाले टमाट्याच्या जागी वांगे देले काल."

दुकानात लक्ष नाही तर त्यात गाडीचा काय दोष? मीनल ऐकत होती. भाकरीचा आवाज आलाच नाही, तिने आज पोळ्या केल्या.

३० डिसेंबर

ताराबाईकडे गेले. दारातच उभी राहिले, आत ये म्हणाली नाही.

"चुकलं माह्यं," मी म्हटलं.

"चुकलं म्हणून काय होते? बाजारात गिऱ्हाईक माह्या कांद्याले वास घेऊन पायतात. घरात बोललं तं घरात माफी होते. तुमी गाडीत बोलल्या, ते बाजारात गेलं."

खरं आहे. आमच्यात ज्याचा माल बदनाम केला त्याचा माल विकून द्यायचा, ही जुनी रीत आहे. अलीकडे कोणी पाळत नाही. मी म्हटलं, "येत्या आठवडी बाजारी तुमचे कांदे मी इकतो. माही मेथी घरी ठेवतो."

ती उंबऱ्यापर्यंत आली. "ओरडून इकसान?"

"ओरडून."

"आन् जायचं कशानं?"

तीच म्हणाली, "मले गाडीचं भेव नाई. पोरीनं आधी आमाले उतरवलं आन् मंग सोता मागं गेली. मले माह्या कांद्याचा राग हाये."

४ जानेवारी

आज मी ताराबाईचे कांदे विकले.

ऑटोत आम्ही दोघीच. ताराबाई मागे ऐटीत बसली, पदर सारखा करत, जीपमध्ये कोंबलेल्या बायकांना दिसेल अशी. जीप बंद पडल्यासारखी धूर सोडत होती आणि आमचा ऑटो तिच्या बाजूने गुपचूप निघून गेला. रुपा टपाला धरून लोंबकळत होती, तिने आमच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

बाजारात मी माझ्या जागी न बसता ताराबाईच्या जागी बसले. घसा फोडून ओरडले. "घ्या ताराबाईचा कांदा, कापला तं रडवते, ठेवला तं पाडव्यापर्यंत टिकते. सडका म्हणणारीच इकून राह्यली, घ्या." लोक हसले, जमले. एका गिऱ्हाइकाने तेलुगूत काही विचारलं, ताराबाईने माझ्याकडे बोट दाखवून उत्तर दिलं आणि तो पोट धरून हसला. काय सांगितलं ते मी विचारलं नाही. दुपारपर्यंत पोतं रिकामं. आवाज गेला माझा, आता चार दिवस घरात शांतता, असं चंदन म्हणाला. हसला थोडा. तो दुकान सोडून दोनदा बघायला आला होता, आम्ही पोचलो का ते.

परतताना ताराबाईने मला एक कांदा सोलून दिला, भाकरीसोबत. गोड होता.

७ जानेवारी

सकाळी हॉर्न वाजला तेव्हा रुपा आली, पण लांबच उभी. "आधी फेस दाखव," म्हणाली. मीनलने लावला. रुपाने डोळे बारीक करून पाहिलं. "परत लाव." परत लावला. मग ती बसली. तिची आजेसासू म्हणाली, काडेपेटी मी घरी ठेवली, पाहिजे तर झडती घे.

मीनल म्हणते, आता रोज निघण्याआधी साऱ्यांच्या समोर फेस लावायचा. ज्याला पाहायचं त्याने पाहावं. पेट्रोलवाल्यांनी कधी दाखवलं होतं का काही?

१० जानेवारी

अमृतराव सकाळीच आले, एसटी हुकली म्हणून कोणाच्या तरी बैलगाडीत. नोटांचं पाकीट खिशात, ते बाहेरूनच दिसत होतं. मी चंदनकडे बघितलं. तो अंगणात नव्हता.

तो ऑटोच्या मागे होता. साबणाची वाटी घेऊन वाकला होता. पाठ दुखते दुखते म्हणणारा माणूस, जमिनीला गुडघा टेकून जोडाजोडाला फेस लावत होता, एकेक जोडापाशी थांबत होता. बायका गोल करून बघत होत्या. ताराबाई सूचना देत होती, "त्या कोपऱ्यात लाव, तिथं नाई लावला." मीनल त्याच्याजवळच उकिडवी बसून होती, आणि तिच्या तोंडावर जे हसू होतं ते मी तिच्या लग्नानंतर आजच पाहिलं.

"बुडबुडा नाई," चंदन म्हणाला आणि उठता उठता मीनलच्याच हाताला धरून उठला.

मग टोपल्या चढल्या, बायका चढल्या, मीनलच्या बाजूला सांबाराचं ओझं चढलं. दोरी लोखंडी कडीला.

अमृतराव म्हणाले, "चंदन, सौद्याचं बोलू ना?"

चंदनने हात पुसले. "काका, गाडी तिची हाये. तिले इचारा."

अमृतराव पुढे गेले, काही बोलायच्या आधी मीनलने गाडी सुरू केली. धूर नाही, फटफट नाही, नुसती गुणगुण. ते तसेच उभे राहिले, मग म्हणाले, "बरं, मले बोथपर्यंत तरी ने. परत जायाले गाडी नाई."

"जागा नाई काका," मीनल म्हणाली. "दुसऱ्या खेपेत नेतो. तवरीक आमच्या आत्याबाईच्या हातचा चहा घ्या."

ते ओट्यावर बसले. मी चहा टाकला. त्यात साखर जरा जास्तच पडली माझ्या हातून, पण ते बशी पुसून प्यायले.